भाचा जामिनावर सुटून आलाय, गावी पाठवावं की इथेच ठेवावं?

भांडुपकर_मामा

नमस्कार मंडळी. आयडी नवीन काढलाय कारण जुन्या आयडीला अर्धे नातेवाईक ओळखतात. विषय असा की माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, वय १९, गेल्या महिन्यात सुटून घरी आला. गल्लीतली मारामारी, दोन ग्रुप, एकाच्या डोक्यात रॉड बसला, पोरगा वाचला पण टाके पडले, आणि जे जे तिथे होते त्या सगळ्यांवर हाफ मर्डरची, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाची केस. भाचा तिथे होता हे खरं. रॉड कोणी मारला ते देव जाणे, आमचा पोरगा धुतल्या तांदळासारखा आहे असं सांगायला मी आलेलो नाही.

१४ महिने आत होता. सेशनने जामीन नाकारला, मग हायकोर्टाने दिला, आणि ऑर्डर झाल्यावरही जामीनदार मिळेपर्यंत सव्वा महिना तसाच गेला. आमच्या एवढ्या गोतावळ्यातून एकाने रेशनकार्ड पुढे केलं नाही, शेवटी बहिणीच्या कंपनीतल्या एका बाईच्या नवऱ्याने सही दिली.

आता घरात काय चाललंय तर दिवसभर झोपतो आणि रात्री टक्क जागा. लाईट घालवली की उठून बसतो. जेवायला बसला की दोन मिनिटांत ताट साफ, काय खाणार विचारलं की "काहीपण". फोन दिला होता पण जुन्या मित्रांचे कॉल यायला लागले म्हणून काढून घेतला. चाळीत तोंडावर कोणी बोलत नाही पण बहीण नळावर गेली की बायकांचं बोलणं थांबतं.

भावोजी म्हणतात चिपळूणजवळ घर आहे, आजी आहे, दोन वर्षं तिकडे काजू-आंबा बघेल, तोवर लोक विसरतील. माझं मन घेत नाही पण दुसरं काही सुचतही नाहीये. कामाचं बघावं तर डिलिव्हरी म्हणा, मॉल म्हणा, सिक्युरिटी म्हणा, सगळीकडे पोलीस व्हेरिफिकेशन. एक ओळखीचा म्हणाला फॉर्मवर बिनधास्त "नाही" लिहा, कोण बघतंय. शिक्षण म्हणाल तर नववी, दहावीला बसलाच नाही. आणि समोरच्या मुलाच्या घरी जाऊन एकदा मांडवली करून टाकावी का हेही डोक्यात घोळतंय. कोणाला यातला अनुभव असेल तर सांगा, उपदेश केला तरी चालेल, ऐकायची सवय झालीय.

कोर्टाची_पायरी

मामा, सुटला म्हणजे निर्दोष सुटलेला नाही, जामिनावर सुटलाय. आपल्याकडे दोन्हीला सुटलाच म्हणतात आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. घरच्यांना वाटतं संपलं एकदाचं, इकडे केस धड उभीही राहिलेली नसते, चार्ज फ्रेम, म्हणजे आरोप निश्चित व्हायचे असतात. मी १७ वर्षं फौजदारी वकिलांकडे क्लार्क आहे. परत आत गेलेली जी पोरं मी पाहिलीत त्यातल्या बऱ्याच जणांनी नवीन काही केलेलं नव्हतं, तारखेला गेली नाहीत एवढंच.

म्हणून आधी जामिनाची ऑर्डर काढा आणि शेवटची पानं नीट वाचा. पोलीस स्टेशनला हजेरी कधी, कोर्टाच्या परवानगीशिवाय हद्द सोडायची की नाही, पत्ता बदलला तर कोणाला कळवायचं, सगळं तिथे असतं. चिपळूणला ठेवलात तर काय होतं सांगू का, पहिल्या दोन तारखांना येतो, मग लावणी येते, मग गणपती, मग एसटीचं बुकिंग मिळत नाही, आणि एक दिवस नॉन-बेलेबल वॉरंट निघतं. शिवाय नवीन न्याय संहितेत कलम २६९ आहे, जुन्या आयपीसीत २२९-ए होतं तेच. जामिनावर असताना कारण नसताना हजर राहिला नाही तर त्याचीच वेगळी एक वर्षापर्यंत शिक्षा. आणि ज्या भल्या माणसाने सही दिली, त्याचा बाँड जप्त का करू नये अशी नोटीस त्याच्या दारात जाईल. त्याला काय तोंड दाखवणार?

ई-कोर्ट्स नावाचं सरकारी ॲप आहे, फुकट. केसचा सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टाने केसला दिलेला नंबर, टाकला की पुढची तारीख दिसते. वकिलाच्या फोनवर अवलंबून राहू नका, त्यांच्याकडे अशा ढीगभर केसेस असतात. मुलगा खरंच आजारी पडला तर त्याच दिवशी हजेरी माफीचा अर्ज द्यायचा, डॉक्टरांचा कागद जोडून. दुसऱ्या दिवशी जाऊन "ताप होता साहेब" सांगण्यात अर्थ नाही.

मांडवलीला अजिबात जाऊ नका. तो मुलगा या केसमधला साक्षीदार आहे. तुम्ही पेढे घेऊन गेलात तरी तिकडून तक्रार जाईल ती धमकवायला आले होते अशीच, आणि जामीन रद्द करायला तेवढं पुरतं. हाफ मर्डर आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांत मोडत नाही, जे काही करायचं ते हायकोर्टात, वकिलामार्फत, आणि तिथेही होईलच असं नाही.

फॉर्मचं: "नाही" लिहू नका. सरकारी नोकरीबद्दल सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल आहे, माहिती लपवलेली सापडली तर त्या कारणावरून काढता येतं. खरं लिहिलं म्हणून घेतलंच पाहिजे असंही कोर्ट म्हणालेलं नाही, ते पण सांगतो. प्रायव्हेटवाले तपासणी एजन्सीला देतात आणि एजन्सी कोर्टाच्या वेबसाइटवर नाव टाकते. तुम्हाला जिथे तारीख दिसते तिथेच त्यांना केस दिसते.

अजून एक राहिलं. निवडणुका आल्या, सण आले की अशा पोरांना चॅप्टरसाठी, म्हणजे शांतता राखीन असा बाँड लिहून घ्यायला, पोलिसांचं बोलावणं येतं. बोलावलं की जायचं, वकिलाला कळवून जायचं, कोऱ्या कागदावर सही करायची नाही.

परखड_बोलतो

इथे मामा लाईट आणि जेवणाबद्दल हळवे होतायत. ज्याच्या डोक्यात रॉड घातला तो रात्री झोपतो का हे कोणी विचारलं? माझ्या चुलतभावाला असंच नाक्यावर मारलं होतं, उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, शर्ट घालायला बायको लागते. मारणारे चारही जामिनावर बाहेर, त्यातला एक रोज आमच्या गल्लीतून बाईकवर जातो, मुद्दाम रेस करत. राग आला तर येऊ द्या, मला बोलायचं होतं ते बोललो.

कोर्टाची_पायरी

राग कशाला येईल. आणि बाईक रेस करत जाणं हे साक्षीदारावर दबाव म्हणून कोर्टापुढे मांडता येतं. तारीख-वेळ लिहून ठेवा, जमलं तर व्हिडिओ, आणि तुमच्या केसमधल्या सरकारी वकिलांना लेखी द्या. मामा, तुम्हीपण हे वाचा आणि भाच्याचा जायचा-यायचा रस्ताच बदला. लांब पडला तरी चालेल.

एसीवाला_कुर्ला

मी स्वतः आत होतो. साडेदहा महिने, तेव्हा वय २०. नंतर निर्दोष सुटलो पण ते खूप नंतर, तोपर्यंत सहा वर्षं तारखा केल्या. हे इथे पहिल्यांदाच लिहितोय त्यामुळे पुढे-मागे झालं तर समजून घ्या.

मामा, लाईटचं सांगतो. आत रात्री लाईट घालवत नाहीत, ट्यूब रात्रभर डोक्यावर. पन्नासच्या जागेत दीडशे पोरं, एकाच्या पायाशी दुसऱ्याचं डोकं, कूस बदलायची तर शेजारच्यालाही बदलावी लागते. तिथून आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत आलो तर मला ती मोठी वाटायची, आणि अंधार झाला की कोणीतरी अंगावर पाय देऊन जाईल असं वाटायचं. माझ्या आईने काही विचारलं नाही, मोरीतला बल्ब चालू ठेवायला लागली आणि पडदा टीचभर सरकवून ठेवायची. साधारण तीन महिने. मग एक दिवस मीच उठून बंद केला.

दाराचंपण होतं माझं. घराचं दार लोटलेलं असलं तर मी उभाच राहायचो. आई म्हणायची अरे जा ना, संडासला जायचंय ना. दार दुसऱ्याने उघडायचं असतं हे इतकं बसलेलं डोक्यात. आणि भराभर जेवायचं तर तुम्ही त्यावर काही बोलूच नका, आपोआप जातं.

फोन काढून घेतलात ते चुकलं, स्पष्ट सांगतो. मित्र काय फोनवरच भेटतात का, नाक्यावर भेटतात. नंबर बदला पण फोन द्या. आणि हे पोरगा तुम्हाला सांगणार नाही म्हणून मी सांगतो, आत असताना त्याच मित्रांपैकी कोणीतरी मनीऑर्डर पाठवलेली असते. मला एक जण दर महिन्याला पाचशे पाठवायचा, साबण, बिस्किट, तेल त्यातूनच. सख्खा काका एकदाही मुलाखतीला, म्हणजे आत भेटायला, आला नाही. मग बाहेर आल्यावर तोच म्हणतो, काही नाही रे, एक बॅग फक्त इथून तिथे न्यायचीय, तेव्हा नाही म्हणायला तोंड राहतं का? मी गेलो नाही. संस्कार बिंस्कार काही नाही, त्या दिवशी नेमकं काम होतं म्हणून गेलो नाही. त्या बॅगेत जे होतं त्यात तो पुढे चार वर्षं आत होता.

काम असं मिळालं की मे महिना होता, मागच्या चाळीतल्या एसीवाल्या दादांना शिडी धरायला पोरगा पाहिजे होता. त्यांना सगळं माहीत होतं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "कस्टमरच्या घरात मी जाणार, तू बाहेर थांबायचं. घरात काही हरवलं तर पहिलं नाव तुझं घेतील, मला ती कटकट नको." दोन महिने मी नुसती बाहेरची युनिटं धुतली, जेट पंपाचं काळं पाणी तोंडावर, अकराव्या मजल्याच्या कठड्यावर एक पाय. मग एकदा गॅस भरताना बोलावून मीटर हातात दिला, म्हणाले काटा बघ आणि सांग. तारखेला सुट्टी द्यायचे, खाडा कापायचे पण द्यायचे, कधी तोंड वाकडं केलं नाही. आता माझ्या हाताखाली दोन पोरं आहेत. चाळीतल्या मंडळाने गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक मात्र अजून माझ्या हातात दिलेलं नाही, बांबू उचलायला बरोबर बोलावतात.

परखडभाऊ, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. मला मारामारीत नाही, चोरीच्या केसमध्ये घेतलं होतं, पण आत मारामारीवाली पोरं बघितलीत. समोरच्याचं काय झालं हे त्यांच्यात बोललंच जात नाही, बोललं तर हसतात. रात्री कोणी विचारलं तर वेगळं.

गोवंडीची_ताई

मी तुरुंगातून आलेल्या तरुण मुलांबरोबर काही वर्षं काम केलंय, आता शाळेत आहे. मामा, आधी मला सांगा, घटनेच्या दिवशी भाच्याचं वय नक्की किती होतं? अटकेच्या दिवशीचं नाही, घटनेच्या दिवशीचं. अठरा पूर्ण नसतील, एक दिवस जरी कमी असेल, तरी केस बाल न्याय मंडळाकडे जाते, आणि हा मुद्दा केस कुठल्याही टप्प्यावर असली तरी काढता येतो. आधी शाळेची जन्मतारीख धरतात, ती नसेल तर महापालिकेचा दाखला. आधारवरची तारीख यात धरत नाहीत, आणि लोक नेमकं आधारच पुढे करतात.

हे वाचणाऱ्या ज्यांची मुलं डोंगरीच्या निरीक्षणगृहातून आलीत त्यांच्यासाठी: २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे त्या प्रकरणामुळे मुलाला पुढे कसलीही अपात्रता लागत नाही आणि अपिलाची मुदत गेली की रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. सोळा ते अठरा वयातल्या अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालला असेल तर ते वेगळं. पण आपणच जाऊन शाळेत सांगतो! एका आईने अ‍ॅडमिशनच्या वेळी प्रामाणिकपणे सगळं हेडमास्तरांना सांगितलं आणि महिनाभरात वर्गातल्या पोरांना माहीत. विचारलेलं नसताना सांगायची गरज नव्हती.

मदत कुठे: टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा 'प्रयास' म्हणून प्रकल्प आहे, १९९० पासून, तुरुंगातल्या आणि सुटून आलेल्या लोकांबरोबरच काम करतात. वकील परवडत नसेल तर १५१०० हा विधी सेवेचा नंबर. झोपेसाठी केईएम हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढा, आणि तेवढं जायला तयार नसेल तर १४४१६ वर फोन, टेली-मानस, फुकट आहे. आईने लावून हातात दिला तर पोरं बोलतात, स्वतः लावत नाहीत.

तो सव्वा महिना जायला नको होता. ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि महिन्यात जामीनदार मिळाला नाही तर अटी सैल करता येतात का ते कोर्टाने बघायचं. त्याच वर्षी गरीब कैद्यांसाठी केंद्राची योजनापण आली, कच्च्या कैद्याला जामिनाच्या पैशासाठी, तेव्हा ४० हजारांपर्यंत. पण ऑर्डर झाली की घरचे दोन-अडीच आठवडे नातेवाईकांच्या दारात फिरतात, प्राधिकरणात कोणी जात नाही, कारण सांगितलेलंच नसतं कोणी. ज्यांचं कोणी आत्ता आत आहे त्यांनी हे करा.

आणि दहावी. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. ऑनलाइन असतो, फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेसाठी आदल्या वर्षीच भरावा लागतो. आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडना दहावी पास लागते, त्यामुळे याला कमी समजू नका.

भांडुपकर_मामा

ताई, अठरा पूर्ण होऊन दोन महिने आणि काही दिवस झाले होते. शाळेत तीच तारीख आणि पालिकेतपण तीच, आत्ताच बहिणीला डबा उघडून बघायला लावलं. त्यामुळे तो रस्ता बंद.

एसीवाले दादा, तुमचं बहिणीला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून मोरीतला बल्ब लावून आली.

लालबाग_केटरर्स

धागा उशिरा बघितला. मालकाच्या बाजूने लिहितो, इथे सगळे पोराच्या बाजूने लिहितायत. मी अशी दोन पोरं ठेवली. एक पहिल्याच महिन्यात अडीच हजार उचल घेऊन गेला तो गेला. दुसरा पाच वर्षं झाली, भट्टी बघतो, चारशे माणसांची पुरणपोळी त्याच्या भरवशावर. त्यामुळे कोणता पोरगा कसा निघेल हे मी तरी तोंड बघून सांगू शकत नाही, दोघांत पहिला जास्त गोड बोलायचा.

आता जे शिकलो ते. उचल द्यायची नाही, त्याऐवजी पगार आठवड्याला द्यायचा. महिनाभर थांबायची त्या पोरांना सवय नसते, आणि खिशात पैसे नसले की कोणीतरी द्यायला उभाच असतो. दुसरं म्हणजे सांगायचं किती लोकांना. मी फक्त आमच्या आचाऱ्याला सांगितलं होतं, तरी आठवड्यात सगळ्यांना कळलं. एकदा एक मोठं पातेलं सापडेना, सगळे त्याच्याकडे बघायला लागले, तो बिचारा भट्टीपाशी तसाच उभा, झारा हातात. पातेलं संध्याकाळी डेकोरेटरच्या टेम्पोत निघालं. सॉरी कोणी म्हटलं नाही. मी पण नाही म्हटलं तेव्हा, आता लिहिताना आठवतंय.

आणि लग्नाचं काम आटपायला रात्रीचे दोन वाजतात. एका रात्री येताना नाकाबंदीत त्याला थांबवलं, नाव टाकलं, जुनी केस निघाली, सकाळपर्यंत बसवून ठेवलं. तेव्हापासून त्याच्या खिशात दुकानाचं कार्ड, त्यावर त्या दिवशीच्या हॉलचं नाव आणि माझा नंबर. मला रात्री तीनला फोन आलेत, उचललेत.

मामा, सुरुवातीला दिवसाचंच काम बघा. माझ्याकडे सकाळी सात ते चार भाजी चिरायला आणि भांड्यांना माणूस लागतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आधी आठ दिवस बघू, बांधील कोणीच नाही.

परखड_बोलतो

केटररसाहेब, तुमचा नंबर व्यनित मलापण द्या, चुलतभावाला बसून करायचं काम पाहिजे. हिशोब चांगला आहे त्याचा.

लालबाग_केटरर्स

दिला. बिलं लिहायला माणूस हवाच आहे. फक्त दोघांची केस वेगळी आहे ना, एवढं खात्रीने सांगा, नाहीतर माझ्या गोडाऊनमध्येच तारीख भरायची.

परखड_बोलतो

वेगळी आहे. आमचं डोंबिवलीचं.

भांडुपकर_मामा

तीन आठवड्यांनी लिहितोय. ऑर्डर वाचली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दहा ते बारा हजेरी, आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय मुंबई-ठाण्याबाहेर जायचं नाही असं स्पष्ट लिहिलंय. इतके दिवस तो कागद देव्हाऱ्याखालच्या खणात पडला होता, एकानेही पूर्ण वाचला नव्हता. भावोजी गप्प झाले, गावचा विषय संपला.

मधे एक तारीख झाली. अकरापासून बाकावर बसलो, पावणेचारला नाव पुकारलं, दोन मिनिटांत पुढची तारीख. बाहेर आल्यावर भाचा एवढंच म्हणाला, "मामा, गाडीतून न आणता पहिल्यांदा आलो." आधीच्या सगळ्या तारखांना पोलीस गाडीतून आणायचे. मग वडापाव खाल्ला. भराभरच खाल्ला.

फोन परत दिला, नवीन नंबर. झोप अजून नाही, केईएमला एकदा जाऊन आलो, दुसऱ्यांदा यायला तयार नाही. केटरर्सकडे सहा दिवस गेला, सातव्या दिवशी उठलाच नाही, त्यांनीच फोन करून विचारलं, आठव्या दिवशी गेला. कांदा चिरून हाताला वास येतो म्हणून कुरकुर करतो. ही कुरकुर ऐकून बहिणीला मात्र बरं वाटतंय, इतके दिवस "काहीपण"शिवाय शब्द नव्हता.

आता अडलंय ते १७ नंबरच्या फॉर्मपाशी. त्याला शाळा सोडल्याचा दाखला मूळ लागतो म्हणतात. तो नववीनंतर शाळेने दिला होता आणि पावसात घरात पाणी शिरलं तेव्हा भिजून गेला. झेरॉक्स आहे, त्यावर चालेल का?

गोवंडीची_ताई

झेरॉक्स नाही चालणार. शाळेत अर्ज करून दुय्यम प्रत घ्या, आणि तिच्यासोबत मूळ दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. शाळेने टाळाटाळ केली तर मला व्यनि करा, मी येते तुमच्याबरोबर.

कोर्टाची_पायरी

प्रतिज्ञापत्र मी टाईप करून ठेवतो. पुढच्या तारखेला याल तेव्हा कँटीनच्या जिन्यापाशी भेटा. भाच्याचं आधार आणि दोन फोटो आणा. सही तुमची नको मामा, त्याचीच लागेल.